दबकी चर्चा

आश्विनातल्या दुपारी सांगलीच्या त्या पेठेत हवेला एक कोरडा, किंचित कडसर वास असे. वखारींमधून रचून ठेवलेल्या हळदीच्या पोत्यांचा तो वास, आणि त्याला छेद देत छापखान्याच्या जिन्याने वर चढणारा शाईचा आणि रॉकेलचा दर्प. आमच्या दैनिकाची कचेरी माडीवर होती. पावसाळा सरून आकाश स्वच्छ झालेलं असे, उन्हाला पिकत आलेल्या धान्यासारखा रंग चढलेला असे, आणि खिडकीतून येणाऱ्या त्या उन्हाच्या पट्ट्यात मी महिलांच्या पानाची मुद्रितं तपासत बसलेली असे. रांगोळ्या, लोणची, बाळाचं बाळसं. साताऱ्याहून पदवी घेऊन आलेल्या मुलीला वर्तमानपत्रात एवढीच जागा असते, असं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. काही काळ मीही धरलं होतं.

अशाच एका दुपारी जिन्यावर पायताणं वाजली आणि दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. डोक्याला पांढरा पटका, अंगात धुवट सदरा आणि हातात आमचाच अंक, घडी घालून घालून मऊ पडलेला. त्यांच्या मागे डोक्यावरून पदर घेतलेली त्यांची सून होती. तिच्या हनुवटीवर ओरखड्याची खपली धरली होती आणि उजवा हात फडक्याच्या झोळीत होता. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतून पहाटेची एस.टी. धरून दोघं आली होती. संपादकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बाईमाणूस आहे. तुम्हीच काय ते विचारून घ्या."

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते एकदा छापून आलं, तेवढं पुष्कळ झालं.

म्हाताऱ्यांनी अंक माझ्यापुढे पसरला. पहिल्या पानावर खालच्या कोपऱ्यात चौकट होती. "जवानाच्या पत्नीची विहिरीत उडी," असा मथळा. त्याखाली तिचं नाव, वाडीचं नाव, नवरा सैन्यात असल्याचा उल्लेख, शेजारच्या तरुणाने तिला वर काढल्याची हकिकत आणि शेवटी एक ओळ: "तिला वाचविणाऱ्या तरुणाशी असलेले प्रेमसंबंध या प्रकारामागे असल्याची दबकी चर्चा परिसरात आहे."

"मला वाचाया येतंय," म्हातारे म्हणाले. "पर तुमच्या तोंडनं ऐकायचंय. वाचा की बाई."

मी वाचायला लागले. शेवटच्या ओळीशी आले तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला. वाचून झालं तरी मान वर करायचं धाडस होईना. मग ती सून बोलली, अगदी सावकाश.

"मी उडी मारली न्हाई. पोहरा वडत हुते, काठाचा दगूड निसटला. आमच्या हिरीला कठडाच न्हाई." मग तिने विचारलं, "ही चर्चा कोन करत हुतं?"

मी ती ओळ पुन्हा वाचू लागले.

"गावात मी ऱ्हाते. मला कुनी बोललं न्हाई. चर्चा केली म्हंजी करनाऱ्याला नाव असंल की. माझं नाव छापलंसा. त्याचं का न्हाई छापलं?"

इतक्या वर्षांत पत्रकारितेविषयी मी बरंच ऐकलं, व्यासपीठांवरून आणि बंद खोल्यांतून. एवढा सरळ प्रश्न पुन्हा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. सासरे शेजारी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. "पोरगा पलटनीत हाय," ते म्हणाले. "त्याच्या कंपनीत आमच्याकडची पोरं लय. सुट्टीवरनं माघारी जानारं कोनतरी ह्यो पेपर घिऊन जानारच. माझी सून कशी हाय त्ये मला ठावं हाय, बाई. पर मी घरात बसून कुनाकुनाला सांगू?"

मी तो अंक घेऊन संपादकांच्या टेबलाशी गेले. ते त्या वेळी सार्वजनिक जीवनातील मूल्यांवर अग्रलेख लिहीत होते. हे मी टोमणा मारण्यासाठी सांगत नाही, खरोखरच लिहीत होते. मजकूर त्यांनी वाचला आणि शांतपणे म्हणाले, "आपण 'चर्चा आहे' असं म्हटलंय. संबंध आहेत असं कुठं म्हटलंय? चर्चा असेल, तर त्यात खोटं काय?" मग मोठ्या मनाने त्यांनी कागद ओढला आणि खुलासा लिहून दिला. अमुक गावच्या सौभाग्यवती अमुक यांनी कळविले आहे की, त्यांच्या प्रेमसंबंधांबाबत प्रसिद्ध झालेली चर्चा निराधार आहे.

तो मी तिला वाचून दाखवला. ती ऐकत राहिली आणि मग तिने नकारार्थी मान हलवली.

"ह्याच्यात तर त्येच परत लिवलंय. आन् आता मीच सांगितलंय म्हनून."

त्या क्षणी माझ्या अंगातून जी आग गेली ती अजून पुरती विझलेली नाही. आणीबाणी अजून यायची होती. आमच्या कचेरीत कुणी सरकारी माणूस हातात लाल पेन्सिल घेऊन बसलेला नव्हता. जे छापलं जात होतं ते आमच्या स्वतःच्या मर्जीने, पूर्ण स्वातंत्र्यात छापलं जात होतं, आणि त्या स्वातंत्र्याचा उपयोग आम्ही एका घरंदाज, कष्टाळू बाईला तिच्याच विहिरीत दुसऱ्यांदा ढकलण्यासाठी केला होता.

"मी शिराळ्याला जाऊन येते," मी संपादकांना म्हटलं.

"महिलांच्या पानासाठी?"

"नाही. पहिल्या पानासाठी."

ते हसले. मात्र अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. इस्लामपूर मागे पडल्यावर उसाचे गर्द पट्टे विरळ होत जातात, रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो आणि पश्चिमेकडून भाताचा एक ओला, दुधाळ गंध येऊ लागतो. लोंब्या भरत आल्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली की सगळं खाचर एकदम एका बाजूला कलत होतं आणि पुन्हा सावरत होतं. फाट्यावर म्हातारे न्यायला आले होते. वाडी पंचवीसेक घरांची, आणि तिची तहान भागवणारी ती एकच विहीर. काठाला बसवलेले दगड पावसाने सुटे झाले होते. एक जागा दात पडल्यासारखी रिकामी होती. खाली काळंभोर पाणी स्वस्थ होतं. पाणी भरायला आलेल्या बायकांनी मला सगळं दाखवलं: ती कुठे उभी होती, दगड कसा सुटला, ती पडताना कपारीला कशी आपटली. त्या सगळ्या तिथेच होत्या. त्यांनीच आरडाओरडा केला होता. त्यांच्यापैकी एकीलाही पोलिसांनी विचारलं नव्हतं, आणि आमच्या वार्ताहराने तर वाडीत पाऊलही टाकलं नव्हतं.

ज्याने तिला वर काढलं तो तरुण वरच्या बांधावर गवत कापत होता. त्या दिवशीही तो तिथंच होता. ओरडा ऐकून धावत आला आणि कपड्यांनिशी उडी टाकली. मी आले आहे हे कळल्यावर तो खाली आला, पण विहिरीपासून बराच लांब थांबला. बायका पाणी भरत होत्या म्हणून.

"माजं लगीन ठरत आलं हुतं," तो म्हणाला. "पोरीकडच्यांनी पेपर बघितला आन् निरोप धाडला, तूर्त ऱ्हाऊ द्या." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलं नेमकं काय चुकलं हे शोधून न सापडल्यासारखा तो माझ्याकडे पाहत होता. अंगाने उंच, हाताच्या तळव्यांवर दोराने सोलवटल्याच्या खुणा. तिला दोराला बांधून वर चढवताना झालेल्या.

परतताना मी शिराळ्यात उतरले आणि आमच्या वार्ताहराला गाठलं. त्याचं सायकलचं दुकान होतं. बातम्या तो हौसेने पाठवी. तो वरमला, पण फार नाही. त्याने सांगितलं ते असं: त्या दिवशी पोलीस ठाण्याशेजारच्या हॉटेलात हवालदार चहा पीत बसले होते. त्यांच्यापैकी एक जण हसत म्हणाला, "गडी बरा टायमाला हजर हुता." बाकीचे हसले. एवढंच. दबकी चर्चा म्हणून आम्ही जिल्हाभर वाटली ती एका हवालदाराची चहावरची एक थट्टा होती.

"तुम्ही असं का लिहिलंत?" मी विचारलं.

"ताई, रागावू नका," तो चाकाची तार आवळत म्हणाला. "बाई हिरीत पडली, वाचली, असं धाडलं तर तुमी छापता व्हय? मागच्या पावसाळ्यात खालच्या वाडीत अशीच एक बाई पडली. ती गेली बिचारी. धाडलं हुतं मी. आलं का कुटं?"

कचेरीत येऊन मी जुन्या अंकांच्या चळतीसमोर बसले. ती बातमी खरोखरच आली नव्हती. त्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर एका कारखान्याच्या अध्यक्षांचा सत्कार होता, हारात बुडालेला चेहरा, खाली भाषणाचा सविस्तर वृत्तांत. मेलेल्या बाईला आमच्याकडे चार ओळींची जागा नव्हती. जिवंत बाईला पहिलं पान मिळालं, कारण तिच्या अब्रूचा वास त्या मजकुराला येत होता. बातमीची किंमत ठरवण्याचं हे माप कुणी घडवलं? वार्ताहराने नव्हे. ते माडीवर, पंख्याखाली, आमच्या टेबलांवर घडत होतं, आणि तालुक्यातला माणूस फक्त त्या मापाबरहुकूम माल पुरवत होता. माझा संताप तिथं बसल्या बसल्या जागा बदलत गेला. सायकलवाल्यावरून तो निघाला आणि समोर संपादकांच्या काचेच्या दाराआड जाऊन थांबला.

मी बातमी लिहिली. कठडा नसलेली विहीर, निखळलेला दगड, मागच्या वर्षी गेलेली खालच्या वाडीची बाई, सोलवटलेले हात. नावं कुणाचीच नाहीत. शेवटी लिहिलं की, याविषयी या दैनिकात पूर्वी प्रसिद्ध झालेला मजकूर खोटा होता, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

संपादक वाचत असताना मी उभीच राहिले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. मुलांच्या फीसाठी अडलेल्याला ते मदत करीत, गणपतीत सगळ्या कचेरीला घरी जेवायला बोलावीत. म्हणूनच मला अधिक चीड येत होती.

"बातमी चांगली आहे," ते म्हणाले. "शेवटचं वाक्य काढा. पेपरच आपण चुकलो म्हणू लागला, तर लोक विश्वास कशावर ठेवतील?"

"आणि तिच्यावर कशावरून ठेवतील?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

"ते वाक्य छापलं जाणार नसेल तर मीही उद्यापासून येणार नाही," मी म्हटलं. मी पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. सांगलीत मावशीकडे राहून मिळवलेली ती नोकरी सोडून साताऱ्याला परत जाणं म्हणजे काय, ते मला पुरतं ठाऊक होतं.

त्यांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यांनी लेखणी घेतली, "खोटा होता" हे शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "कोणतीही शहानिशा न करता दिला होता, तो निराधार आहे." दिलगिरी तशीच ठेवली. "पहिल्या पानावर, त्याच कोपऱ्यात," मी म्हटलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

बातमी आली. त्या दिवशी घरी जाताना कृष्णेच्या घाटावर मी उगाचच थांबले. पाणी निवळलं होतं, पलीकडच्या तीरावरची झाडं उन्हात न्हात होती, आणि आपण काहीतरी परत मिळवून दिलं अशा समाधानात मी पायऱ्यांवर बसून राहिले. त्या समाधानाचं आज मला हसू येत नाही. पण तेव्हा मला फार थोडं कळत होतं, एवढं मात्र कळतं.

माघात मी पुन्हा त्या वाडीला गेले, कुणी पाठवलं नसताना. भात निघून गेलं होतं, खाचरांत नुसती धसकटं आणि त्यांवरून फिरणारे बगळे. ग्रामपंचायतीने विहिरीला कठडा बांधला होता, त्याच्यावरचं सिमेंट अजून नवं दिसत होतं. जवान दिवाळीला रजेवर येऊन गेला होता. दोन्ही अंक त्याच्या पलटणीत पोहोचले होते, पहिला जरा अधिक लवकर. त्याने बायकोला एका शब्दानेही विचारलं नव्हतं. जाताना फक्त बापाला म्हणाला होता, "आबा, पानी आता आईला आनू द्या."

"इस्वास हाय त्यांचा," ती मला म्हणाली. ती चुलीपुढे बसली होती, हात बरा झाला होता. तिने मला गुळाचा चहा दिला. सासू घागर घेऊन बाहेर पडली. म्हातारपणाने वाकलेली, चढावर धापा टाकणारी.

त्या तरुणाचं लग्न जुळलं नव्हतं. निघताना तो मला फाट्याच्या वाटेवर भेटला. मी बातमीविषयी बोलले, दिलगिरी छापून आणली ते सांगितलं. त्याने ती वाचली होती. चांगलं लिवलंय, म्हणाला. आम्ही थोडं अंतर बरोबर चाललो. माळावरच्या वाळल्या गवताला उन्हाने एक भाजका, गोडसर वास सुटला होता. मग तो माझ्याकडे न पाहता बोलला.

"ताई, तुमास्नी खरं सांगतो. आता कुनी पडलं तर उडी टाकायच्या आदी मी बघीन, कोन पडलंय त्ये."

एस.टी. आली. मी खिडकीशी बसले, आणि तो वळून वाडीच्या दिशेने चालू लागला.