टेलरसाहेबांनी शिवलेली जागा

जाहिरात वाचून उमेदवाराच्या शर्टाची कॉलर किती हे कळावं, अशी जाहिरात ग्वाल्हेरात एकच माणूस लिहायचा: आमच्या जैवसंगणन विभागाचे प्रमुख. पाठीमागे सगळे त्यांना टेलरसाहेब म्हणत. संशोधकाची जागा निघाली की ते आधी माणूस ठरवत, मग त्याच्या मापाने पात्रता शिवत. स्वतःच्या भाच्याच्या वेळी, त्याला जेवढं येत होतं तेवढं 'अनिवार्य', जे येत नव्हतं ते 'ऐच्छिक'.

मुलाखती मात्र थाटात. इंदूरहून एक मुलगा सुवर्णपदक घेऊन आला होता. साहेबांनी पदक हातात घेऊन कौतुक केलं आणि विचारलं, "बेटा, मेडल तो ठीक है, सरसों के जीन पर काम किया है?" मोहरीच्या जनुकांवर त्याने काम केलं नव्हतं. भाच्याने केलं होतं. मुलगा खाली मान घालून गेला आणि कोपऱ्यात बसलेली मी फिदीफिदी हसले. मी तिथे कंत्राटी होते, पण तोरा असा की विभाग माझ्या माहेरचा.

शेवटी माझी पाळी आली. "वहिनी, आता तुमचं माप." मला समोर बसवून त्यांनी सगळं विचारलं: कुठल्या प्रथिनांवर काम, कुठली संगणकभाषा, किती अनुभव. नुकतीच मेंदी लावलेले केस सावरत मी लाडेलाडे उत्तरं दिली. "आता थेट पेपरातच वाचा," म्हणाले.

वाचलं. एकेक ओळ माझीच. पेढे आणायला 'खासगी बाजार' नावाच्या आमच्या पेठेत निघाले, तोच शेवटची ओळ दिसली: वय पस्तीसपर्यंत. मी एकोणचाळीसची.

"सर, वय!"

"सांगायचं नाही का, वहिनी?"

"तुम्ही विचारायचं नाही का?"

"बाईमाणसाला वय? आमच्या घराण्यात ती रीत नाही. आणि दिसता तर तिशीच्या!"

इतकं वाटोळं झालेलं असताना मी लाजले हो, खरंच लाजले!

भानावर आल्यावर म्हटलं, "मग दुरुस्ती छापा."

ते दुखावले. "लोक म्हणतील, कुणासाठी तरी नियम वाकवला."

मला येणारं सगळं येणारी दुसरी एकच व्यक्ती गावात होती: मंजू. तिला ते सगळं मीच शिकवलं होतं, फुकट, मोठेपणा मिरवत. जागा तिला मिळाली. पाया पडून म्हणाली, "ताई, सब आपकी वजह से!" पुढे ती विभागप्रमुख झाली आणि मी निवृत्त होईपर्यंत माझं कंत्राट तिच्याच सहीने वाढत गेलं.

गेल्या हिवाळ्यात टेलरसाहेब गेले. दर्पण कॉलनीत शोकसभा झाली. विभागप्रमुख मंजू बोलायला उभी राहिली: "सर ने कभी किसी की सिफारिश नहीं मानी. मुझे जो मिला, मेरिट पे मिला."

मला हुंदकाच फुटला. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला आणि पाण्याचा पेला पुढे केला. "किती माया होती हो तुमची सरांवर!"