डाळिंब घातलेले गहू

बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आज सकाळी गहू शिजायला ठेवले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. हल्ली एवढ्यानेही थकायला होतं. वाफेचा तो गोडसर वास नाकात शिरला आणि मी वीस वर्षं मागे, जवळच्याच आंग मो किओ भागातल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत जाऊन पोचले.

माझा ग्रीक सहकारी निकोस डबा उघडून उभा होता. आत शिजवलेले गहू, वर पिठीसाखर आणि डाळिंबाचे लालबुंद दाणे. ऑफिसात गोड आलं म्हणजे आनंदाची बातमी, एवढंच मला पुण्यापासून ठाऊक. चमचाभर तोंडात टाकून मी विचारलं, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

तो कसनुसं हसला. "हे गेलेल्या माणसासाठी करतात."

त्यांच्याकडचा एक लाडका गायक ऐन तिशीत अपघातात गेला होता. दरवर्षी त्या तारखेला निकोसची आई गहू शिजवायची. आता तिच्याने होत नव्हतं, म्हणून हा करायचा.

"नात्यातला होता?"

"नाही. पण आमचं घर त्याच्या आवाजाने जागं व्हायचं."

परक्या माणसासाठी एवढा खटाटोप मला नाटकी वाटला. मी मीटिंगला पळाले. संध्याकाळी डबा जवळजवळ भरलेलाच होता.

पुढे निकोसही चाळिशी न गाठता गेला. आज त्याच्या जाण्याची तारीख.

"सो स्वीट लाह! हूज बर्थडे, आई?" लेकीने चमचा चाटत, इथल्या ढंगाच्या इंग्रजीत विचारलं.

"नात्यातलं कोणी नाही गं," मी म्हटलं. "पण वाटीत काही ठेवू नकोस."