दोन दांड्या आणि माठातलं पाणी

मी फारसा बोलणारा माणूस नाही. हे तर बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

माझी पहिली नोकरी अकोल्यात, पाणी शुद्ध करायची मशीन दारोदार विकण्याची. घरात वकिली, वडील लोकांना 'कंपनीत आहे' एवढंच सांगत. माझ्यासोबत उमेदवारीवर अमरावतीची एक मुलगी होती. दोघांपैकी एकालाच कायम करणार, असं साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं.

विकायचं कसं, हे मी तिच्याकडे पाहून शिकलो असतो, तर बरं झालं असतं. दारात उभी राहिली की ती मशीनचं नावच काढायची नाही. "काकू, पाणी भेटंल का?" उन्हातून आलेल्याला पाणी नाकारणारं घर वऱ्हाडात मी पाहिलं नाही. पाणी पिता पिता विचारायची, नळाचं का बोरचं? बोरचं म्हटलं की ऐसपैस बसायची. नळाचं म्हटलं की चार गोष्टी बोलून उठायची. मी चिडायचो.

"गिऱ्हाईक सोडून कावून उठता?"

"त्याइले गरज नाही ना भाऊ. खारपाणपट्ट्यात चाला. तिथं बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही लोकाइची."

आणि तिकडच्या गावांत तिची मशीन खरंच खपायची. बाया स्वतःहून शेजारणीला हाक मारून आणायच्या.

माझा भरवसा कंपनीनं दिलेल्या दोन दांड्यांवर. पेल्यातल्या पाण्यात दांड्या सोडायच्या, वीज लावायची. थोड्या वेळात पाणी तांबूस, गढूळ. मशीनचं पाणी मात्र जसंच्या तसं. गिऱ्हाईक घाबरायचं आणि सही करायचं.

एकदा अकोल्यातच, जठारपेठेत एका आजींनी आम्हाला माठातलं पाणी दिलं. ती सावकाश पीत होती. मी त्याच माठातला आणखी एक पेला मागून घेतला आणि दांड्या सोडल्या. पाणी बदलताना पाहून आजींनी पदर तोंडाला लावला.

"हे पाजलं मी तुमाले? घरी आलेल्या माणसाले?"

त्यांना मशीनशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती. मी फॉर्म पुढे सरकवला.

"आजी, पाणी चांगलं हाये तुमचं," ती म्हणाली. "तो रंग दांडीच्या लोखंडाचा हाये." हातातलं उरलेलं पाणी तिनं पिऊन टाकलं आणि पेला पुढे केला. "आनखी द्या बरं."

सौदा मोडला तो मोडलाच. संध्याकाळी साहेबांनी मला एकट्याला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. एक शब्दही खोटा नव्हता, फक्त तो बोलायची काही गरज नव्हती. काही दिवसांनी तिला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मी कायम झालो. दांड्या पुढेही वापरत राहिलो.

मागच्या महिन्यात अमरावतीत तिच्या दुकानात गेलो. याच मशीन विकते. आधी घरचं पाणी बाटलीत आणायला लावते, तपासते, मग बोलते. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. तिनं मला लगेच ओळखलं.

"त्या वेळी साहेबांना मीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मालूम हाये. कधी नाही ते चहा पाजला तुमी दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, काहीतरी करून आला हा माणूस." ती हसली. "समोसा तरी सांगाचा होता."

मला हसता आलं नाही. म्हटलं, "एक मशीन पाठवा घरी. सगळ्यांत महागातली."

"पाणी कोणतं येते?"

"नळाचं."

"मंग नाही लागत तुमाले."

"असू द्या. द्या तरी."

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंच्या हातातली बाटली घेत म्हणाली, "हं काकू. नळाचं का बोरचं?"