स्पिन या शब्दाचा पहिला अर्थ

आधी माफी मागतो. इंग्रजी शब्दावर लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि माझी मराठीसुद्धा इंदूरची, मध्येच हिंदी शिरते. पण हा एक शब्द मला घरून मिळालेला आहे, म्हणून धीर करतो.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी वर्गात चिठ्ठ्या काढायला लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द. त्याचे अर्थ, त्याचा वापर आणि प्रत्येक अर्थाला स्वतःचं एक वाक्य, असा दोन पानांचा लेख लिहायचा होता. चांगले लेख विभागाबाहेरच्या काचेच्या फलकावर लागणार होते. सर महाराष्ट्रातून नवेच आले होते. शुद्ध मराठी बोलायचे आणि मला ‘अहो’ म्हणायचे. मला अहो म्हणणारे ते पहिलेच.

माझ्या चिठ्ठीवर निघालं, ‘स्पिन’.

मला हसू आलं. बाबा कापड मिलच्या स्पिनिंग खात्यात सायडर होते. सायडर म्हणजे सूत कातणाऱ्या लांबलचक रिंग फ्रेमची एक बाजू सांभाळणारा माणूस. फ्रेमवर चरख्याला असते तशा चात्यांची रांग एकदम फिरत असते आणि प्रत्येक चातीवरच्या बॉबिनवर सूत चढत असतं. कुठे ना कुठे तार, म्हणजे धागा, तुटतेच. ती दिसली की पळायचं आणि जोडायची. बाबांचं सगळं आयुष्य त्या पळण्यात गेलं.

मिल बंद होऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. पण बाबा रोज पहिल्या पाळीच्या वेळेला खाकी शर्ट घालून फाटकाशी जायचे. फाटकाला कुलूप. बाहेर युनियनचा माणूस दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसून रजिस्टरातली नावं वाचायचा, आणि कामगार एकेक करून ‘हाजिर’ म्हणायचे. नाव पुकारलं गेलं नाही तर माणूस मिलचा राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं. हजेरी झाली की सायडर लोक सुताचा एखादा तुकडा काढायचे, तोडायचे, आणि बोटांनी पीळ देऊन परत जोडायचे. बोटं विसरू नयेत म्हणून. सांधा दिसला तर बाकीचे म्हणायचे, “जा भिया, तू कँटीनमध्ये भरती हो.”

माझ्या वर्गातली पोरं भंवरकुआं भागातल्या महागड्या कोचिंग क्लासला जायची. त्यांना हे कळलं तेव्हा एकजण म्हणाला, “काय भिया, बाबूजी अजून ड्यूटीवर? बंद मिलमध्ये ओव्हरटाइम लागतो का?”

लेखासाठी मी बाबांना विचारलं, “बाबा, स्पिन म्हणजे काय?”

“म्हणजे खातं. स्पिनिंग खातं.”

“पण त्याच्या आधी?”

“आधी कार्डिंगचं खातं. मग ड्रॉइंगचं. इतकी वर्षं झाली, तुला एवढं माहीत नाही?”

मग मी ग्रंथालयात गेलो. शिपायाने जाड शब्दकोश टेबलावर आणून ठेवला. त्यात त्या एका शब्दाखाली कितीतरी अर्थ होते. गरगर फिरणं, डोकं गरगरणं, चेंडूला फिरकी देणं, गाडीतून एक चक्कर मारून येणं, रंगवून गोष्ट सांगणं. पण सगळ्यांत जुना अर्थ लिहिला होता तो धागा कातण्याचा. गरगर फिरण्याचा अर्थ फार नंतर, त्याच्यातून निघालेला. मी ते तीनदा वाचलं. क्रिकेटवाले, मोटारवाले, सगळे आमच्या खात्यातून निघालेले होते.

मी कातण्याचा अर्थ सगळ्यांत वर लिहिला. खाली वाक्य: तार तुटली की माझे वडील तळहाताने एकच बॉबिन थांबवतात, बाकीच्या सगळ्या फिरत राहतात. गरगर फिरण्याच्या अर्थाला वॉशिंग मशीनचं वाक्य दिलं.

सरांनी लेख वाचून मला बोलावलं. “छान लिहिलंय तुम्ही. फक्त हा अर्थ शेवटी घ्या आणि पुढे कंसात ‘जुना वापर’ असं लिहा. आता कोण कातत बसलंय? वॉशिंग मशीनचं वाक्य वर घ्या, ते सगळ्यांना कळेल. आणि हे वाक्य तर्काला धरून नाही. धागा तुटला तर माणूस यंत्र थांबवेल ना?”

“नाही सर. फ्रेम थांबवत नाहीत. फक्त तेवढी एक बॉबिन.”

“यंत्र चालू असताना हात घालतात?”

“हो सर.”

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी बाबांनी जोडलेला हातभर धागा नेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, “सर, यात सांधा कुठे आहे ते शोधा.” त्यांनी चष्मा वर केला, धागा खिडकीपाशी नेला, नखाने चाचपला. बराच वेळ. मग परत दिला.

“कौशल्य आहे, मान्य. पण मी शब्दाचा आजचा वापर विचारलाय. तुमच्या वडिलांचा आदर ठेवूनच सांगतो, ते काम संपलंय. तेवढा बदल करा, उद्याच फलकावर लावतो.”

मी म्हणालो, “मग राहू द्या सर. बदल नाही करणार. त्यांचं नाव रोज पुकारतात.”

सगळ्यांचे लेख लागले, माझा नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली, “एक ओळ खाली घेतली असती तर काय बिघडलं असतं?” बाबांनी लेख मागून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, “आपलं कुठे आहे?” मी बोट ठेवलं. “वर आहे ना,” म्हणाले, आणि कागद घडी करून खाकी शर्टाच्या खिशात ठेवला.

पुढे हिवाळ्यात मिलच्या मागच्या फाटकातून ट्रक निघाले. फ्रेमा भंगारात गेल्या, असं सगळे म्हणाले. पोलीस उभे होते, कुणाला जवळ जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला निम्मेच लोक आले. मला वाटलं, आता बाबा घरी बसतील. आणि खरं सांगतो, माझ्या मनात आलं की सरांचंच बरोबर होतं, कागद मागून घ्यावा आणि कंसात ते दोन शब्द लिहून टाकावेत. पण पुढच्या सकाळीही खाकी शर्ट दोरीवर नव्हता, बाबा फाटकाशी गेले होते. मग मीही कागद मागितला नाही.

रंगपंचमीला बाबांच्या खात्यातले जुने मुकादम घरी आले. मिल बंद झाल्यावर ते दूर कुठल्या तरी खाजगी सूतगिरणीत लागले होते आणि सणाला इंदूरला आले होते. कानात अजून गुलाल होता. पोहे पुढे ठेवले तरी त्यांनी हात लावला नाही.

“तुझी खिडकीजवळची फ्रेम,” ते बाबांना म्हणाले, “भंगारात नाही गेली. आमच्याकडे आलीये. दसऱ्याला तू लाल पेंटने काढलेलं स्वस्तिक आहे अजून तिच्यावर. मी हात लावून बघितलं.”

बाबा म्हणाले, “चालू आहे?”

“तिन्ही पाळ्या.”

“आणि तार तुटली की?”

“नवी पोरं आहेत, घाबरतात,” मुकादम म्हणाले. “एक तार तुटली की अख्खी फ्रेम बंद करतात.”