तळ्यात उतरायची जागा

आईचं माहेर वसईच्या खाडीकाठचं. तिच्या वडिलांची मासेमारीची होडी होती, आणि लग्नापर्यंत आई ती होडी भावांच्या बरोबरीने वल्हवायची. मग सरकारी नोकरीतल्या माणसाशी लग्न झालं आणि ती दिल्लीत आली, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. तिथे पाणी म्हणजे सकाळ-संध्याकाळ नळाला येणारं. यमुना होती, पण ती पुलावरून, बसच्या खिडकीतून बघायची. आईने तक्रार कधी केली नाही. फक्त पावसाळ्यात सेक्टरमधल्या रस्त्यावर पाणी साचलं की ती गॅलरीत उभी राहून त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघायची.

बाबा मिनिस्ट्रीतून निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून गुडगावला सोसायटी काढली होती, तिथे चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. गुडगाव तेव्हा गुडगावच होतं. मोहरीची शेतं, मधेच एखादी अर्धी उभी राहिलेली इमारत आणि रस्त्याच्या कडेला मोठमोठे बोर्ड. नव्या काचेच्या ऑफिसांपैकी एकात मला नोकरी लागली आणि मी एक जुनी मारुती घेतली. तिच्यातून रविवारी हिंडता हिंडता, सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आम्हाला ते तळं सापडलं.

तळं लहानसं. एका बाजूला जुना बांध, बांधाला लागून पाण्यात उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या. मासेमारीचा ठेका एका माणसाकडे होता. रविवारी त्याची जाळी बंद असत, तेव्हा त्याची सपाट बुडाची एक होडी तो गळ टाकणाऱ्यांना द्यायचा. आईने होडीकडे पाहिलं, पदर खोचला आणि ठेकेदाराला तिच्या हिंदीत म्हणाली, "भैया, हम चलायेगा." तो हसला. आईने वल्हं हातात घेतलं, दोन हात मारले, आणि त्याचं हसणं थांबलं.

तेव्हापासून आमचे बरेच रविवार तिथे गेले. चर्चमध्ये सकाळची मिस्सा आटोपून आम्ही निघायचो. आई होडी वल्हवायची आणि गळ टाकायची. बाबांना माशांत रस फक्त ताटात आल्यावर. ते होडीत समोर बसून पेपर वाचायचे आणि बातम्या मोठ्याने तिला ऐकवायचे. मी बहुधा काठावरच असायची. मला होडीतलं काही कळत नसे. एकदा आई ओरडली, "अगं, नाळ धर, नाळ!" आणि मी वेड्यासारखी इकडेतिकडे बघत राहिले. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात हे मला दिल्लीत कोण शिकवणार?

दुसऱ्या हिवाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेल्यासारखा झाला आणि बोलणं अडखळायला लागलं. हवा तो शब्द यायचा नाही, भलताच यायचा, मग ते चिडून गप्प व्हायचे. व्यायामाने पाय थोडा सुधारला. काठी आणि कुणाचा तरी खांदा असला तर ते चालू शकत. पण ते घराबाहेर पडेचनात. लाइट गेली की लिफ्ट बंद, हे एक कारण होतं. खरं कारण म्हणजे त्यांना लोकांनी बघायला नको होतं. ते बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघत बसत. पेपर घडी न मोडता पडून राही.

पावसाळा संपून हवेत जरा गारवा आला होता. एका रविवारी नाश्ता करताना ते अचानक म्हणाले, "तळं."

आईने हातातला चमचा खाली ठेवला. "तळ्यावर जायचंय?"

त्यांनी मान हलवली. आई माझ्याकडे वळली. "गाडी काढ. यांचं मन बदलायच्या आत."

पोहोचलो तर बांधाकडे जाणारी वाट बंद. त्या वर्षभरात बांधालगतची जमीन फार्महाउससाठी विकली गेली होती. उंच भिंत थेट पाण्यापर्यंत आली होती, पायऱ्या भिंतीच्या आत गेल्या होत्या आणि वाटेवर हिरवं लोखंडी गेट बसलं होतं. गेटवर मध्यम वयाचा एक चौकीदार स्टुलावर बसलेला.

"प्रायव्हेट है," तो म्हणाला.

"सीढी तो पहले से है ना," आई म्हणाली. "तुम्हारे साहब ने बनाया क्या? पानी भी साहब का है?"

"माताजी, मुझे जो बोला है वही बोल रहा हूँ."

आईने त्याला गाडीत बसलेले बाबा दाखवले. त्याने पाहिलं, मान खाली घातली, पण गेट उघडलं नाही. लोकांसाठी दुसरी वाट आहे, म्हणाला. ती वाट म्हणजे दोन फार्महाउसांच्या भिंतींमधली एक बोळकंडी. दोन्ही बाजूंनी विलायती बाभळीचे काटे, आणि शेवटी मातीचा सरळ उतार, घसरडा. त्याच्याखाली चिखल आणि चिखलात ठेकेदाराची होडी. गळवाले सगळे आता तिथूनच चढत-उतरत होते. एकाचं त्या सकाळी ढोपर फुटलं होतं.

मी म्हटलं, "आई, परत जाऊ या."

बाबा गाडीतून उतरले होते. काठीवर भार टाकून ते बोळकंडीकडे बघत उभे होते. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. परत जायचं नाही, हे मला कळलं.

ठेकेदाराची दोन माणसं तिथे जाळी सुकवत होती. त्यांनी झोपडीतून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली, बाबांना तिच्यात बसवलं आणि पालखी उचलावी तसं दोघांनी उचलून चिखलातून होडीत नेऊन ठेवलं. बाबांचा चेहरा शरमेने लाल झाला होता. पण होडी सुटली, आईने वल्हं मारलं, आणि थोड्या वेळाने मी काठावरून पाहिलं तर त्यांनी डावा हात पाण्यात सोडला होता.

सकाळ छान गेली. आईने एक चांगला रोहू पकडला, दोन्ही हातांनी धरून मला लांबून दाखवला. मी गाडीची चादर आणून उताराच्या वर बसले. बऱ्याच महिन्यांनी मला काही करायचं नव्हतं. कदाचित डोळाही लागला असेल.

ऊन चढलं तशी होडी परत येताना दिसली. मी त्या दोन माणसांना हाक मारायला वळले, तर झोपडीला कुलूप. ते कुठेतरी जेवायला गेले होते. आम्ही किती वेळात परतू हे त्यांना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

आईने होडी काठाकडे जोरात आणली, पण ती लांबच गाळात रुतली. वल्ह्याने ढकलून बघितली, हलेना. मग आई साडीसकट पाण्यात उतरली. होडी ओढून काठाला लावायचा तिचा विचार असावा. दोन पावलं टाकली आणि ती मांड्यांपर्यंत आत गेली.

"आई!"

"येऊ नकोस!" ती ओरडली. तिने होडीची कड घट्ट धरली होती. "दोघी रुतलो तर यांच्याकडे कोण बघणार? माणूस आण, जा!"

तेवढ्यात बाबा उठले. तिला हात द्यायला. डावा हात पुढे करून ते अर्धवट उभे राहिले आणि होडी एका अंगाला कलंडली, पाणी कडेपर्यंत आलं.

"अहो, बसा! बसा आधी!"

ते धपकन खाली बसले. होडी डुचमळत सरळ झाली. मी बोळकंडीतून धावत सुटले. काट्यांनी ओढणी फाटून तिथेच अडकून राहिली, तेही मला नंतर कळलं.

चौकीदार गेटवरच होता. मी काय बोलले आठवत नाही. हिंदी, मराठी, सगळं एकत्र झालं असेल. तो म्हणाला, "दीदी, साहब मेरी नौकरी खा जायेगा." आणि हे म्हणता म्हणताच तो किल्ल्यांचा जुडगा चाळत होता. "चलो," तो म्हणाला, "जो होगा देखा जायेगा." त्याने गेट उघडलं, चिखलावर आडवी टाकायला भिंतीला टेकवलेली एक लांब शिडी खांद्यावर घेतली आणि आम्ही दोघं हिरवळीवरून पायऱ्यांकडे पळालो. पायऱ्यांवरून आमची चिखलाची जागा अगदी समोर दिसत होती.

तिथे होडी नव्हती. आई नव्हती. बाबाही नव्हते.

पाण्यावर नुसतं ऊन पडलं होतं. जिथे बघायची भीती वाटत होती तिथेच, तळ्याच्या मधोमध, मी बघत राहिले. चौकीदाराने शिडी खाली टाकली आणि चपला काढायला लागला. त्याला पोहता येत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

तेव्हा डावीकडून, जिथे तळं वळतं आणि पाणगवत वाढून पलीकडचं काही दिसत नाही, तिथून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. आणि त्यात आईचा आवाज, चढ्या सुरात: "अरे हटाव ना इसको! हटाव!"

आम्ही बांधावरून धावत वळण ओलांडलं. पलीकडे गावाच्या म्हशी पाण्यात उतरायची जागा होती. दहा-पंधरा म्हशी नाकपुड्या वर काढून पाण्यात बसलेल्या. त्यांच्या मधून आई कमरेइतक्या पाण्यात होडीचा दोर ओढत चालली होती, आणि होडीत बाबा, ताठ बसलेले, मांडीवर रोहू. गावातली एक म्हातारी, दामण म्हणजे तिकडचा घेरदार घागरा नेसलेली, काठीने म्हशींना बाजूला करत होती.

आईने नंतर सांगितलं की होडीच्या कडेला लोंबकळून तिने एकेक पाय सोडवला. तिचं वजन कडेवर आल्याने होडीही गाळातून सुटली. वाऱ्याने होडी वळणाकडे जायला लागली, तेव्हा तिला म्हशी पाण्यातून चालत बाहेर निघताना दिसल्या. "म्हैस रुतत नाही म्हणजे खाली दगड असणार," ती म्हणाली. मग तिने पुन्हा वर चढून वल्हं घेतलं, आणि म्हशींजवळ तळाला दगड लागल्यावर दोर धरून खाली उतरली.

मी काठावर पोहोचले तेव्हा होडी थांबली होती. पाणी गुडघ्याच्याही खाली, तळाशी दगड. आईने हात पुढे केला. बाबांनी तो धरला, पण दुसऱ्या बाजूला आधाराला काही नव्हतं. होडीला खेटून एक मोठी म्हैस रवंथ करत उभी होती.

"घबरावै मत, ताऊ," म्हातारी म्हणाली. "या किमे ना कहवै." ती काही करत नाही.

बाबांनी डावा हात म्हशीच्या पाठीवर ठेवला, उजव्या बाजूने आईने धरलं, आणि ते उतरले. खुर्ची नाही, कुणी उचललं नाही. म्हैस दोन पावलं काठाकडे चालली, तेही तिच्याबरोबर चालले. कोरड्या जमिनीवर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते. ते शब्द जुळवत म्हणाले, "म्हशीचा... हात धरून... आलो."

आई तिथेच मटकन बसली आणि हसायला लागली. बाबांना शब्द चुकल्याचं कळलं. एरवी अशा वेळी ते चिडून भिंतीकडे तोंड करायचे. त्या दिवशी तेही हसले, खांदे हलेपर्यंत. म्हातारीला काही समजलं नव्हतं, तरी ती हसली. मागे चौकीदार चपला हातात घेऊन उभा होता, तो "शुकर है, शुकर है" म्हणत राहिला.

आई नखशिखांत चिखलात माखली होती. म्हातारीने तिला जवळच्या घरी नेऊन अंगावर पाणी घ्यायला लावलं आणि आपली कोरडी दामण आणि कुडता दिला. आईने बदल्यात रोहू पुढे केला, तर म्हातारीने तोंड फिरवलं. त्या घरात माशाला कुणी शिवत नसे. त्याऐवजी तिनेच आम्हाला पितळी ग्लासांतून ताक दिलं. जन्मभर साडीखेरीज काही न नेसलेली आमची आई जरीकाठाची दामण घालून मारुतीत बसली. सोसायटीच्या गेटवरच्या गार्डने तिला अडवून विचारलं, कुणाच्या घरी जायचंय?

पुढच्या रविवारी दामण धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेलो. गाडी गावातून थेट म्हशींच्या जागेपर्यंत जात होती. लांबचा फेरा पडायचा, पण तेवढाच. ठेकेदारालाही ते पटलं. तो रविवारची होडी तिकडेच बांधायला लागला आणि हळूहळू सगळे गळवाले तिथूनच उतरू लागले. पायऱ्या भिंतीआडच राहिल्या. गावाने त्यासाठी तहसीलपर्यंत खेटे घातले, पण आमच्या देखत तरी ती भिंत पडली नाही. चौकीदाराची नोकरी मात्र शाबूत राहिली, हे आम्ही गेलो की आधी बघून घ्यायचो. तो लांबून हात करायचा.

एका उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा पंचायतीने म्हशींसाठी त्या जागी सिमेंटचा उतार करून दिला, त्याला आडव्या रेघा पाडलेल्या, खूर घसरू नयेत म्हणून. बाबांची काठी त्या रेघांत बरोबर टेकायची. पुढची कितीतरी वर्षं ते त्या उतारावरून स्वतःच्या पायांनी होडीपर्यंत जात, काखेत पेपर घेऊन, आणि आई मागून म्हणत असे, "सावकाश. पळत नाहीये कुठे तळं."