हार्डडिस्क दुकानात, कागद घरात

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर बौद्ध. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भुताखेतांना उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. असले अनुभव वाचून "हो का, बरं" म्हणणाऱ्यांतली मी. तरी लिहितेय...

आम्ही भोकरदनला राहतो. अण्णा रिटायर्ड मास्तर. रिटायर झाल्यावर दोन बोटांनी टायपिंग शिकले आणि वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी कम्प्युटरवर लिहायला घेतल्या. सहा वर्षं! पूर्ण झाल्याशिवाय एकही पान छापायचं नाही, हा हट्ट. मागच्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं एकदोन शब्दांवर आलं. आठवणी सांगणारी बरीचशी माणसंही आता नाहीत. जे काही उरलं, ते त्या एका फाइलमध्ये.

आणि फाइलची दुसरी कॉपी? पेनड्राइव्हवर. तोच पेनड्राइव्ह जयंतीच्या आधी गाणी भरायला वस्तीभर फिरतो — या घरातून त्या घरात, तिथून डीजेवाल्याकडे. दिला कोणी? मीच. विज्ञानाच्या बाईंनी! परत आल्यावर कम्प्युटरला लावलाही मीच. व्हायरस शिरला, स्क्रीनवर लाल चौकोन आला... सगळ्या फाइल लॉक, डॉलरमध्ये पैसे भरा. पेनड्राइव्हवरचीही गेली.

कम्प्युटर दुरुस्त करणारे सलीमभाई हार्डडिस्क काढून दुकानात घेऊन गेले. दोन दिवसांनी म्हणाले, "मॅडम, पैसे बिलकुल भरू नका. पर हे खोलणं बी आपल्या हातात न्हाई."

अण्णांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हाताचा व्यायाम बंद, जेवण दोन घासांवर. मला स्वतःची इतकी चीड आली होती, काय सांगू.

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता मी वह्या तपासत होते. आतल्या खोलीतून घर्र घर्र आवाज... आई धावत आली.

"अगं, मशीनमधून कागद येऊ राह्यला! तूच लावलं ना?"

"मी तर इथंच बसलेय, आई."

एकामागून एक पानं येत होती. अण्णांचीच फाइल, अगदी पहिल्या वाक्यापासून. कम्प्युटरचा डबा उघडा पडलेला, आत हार्डडिस्क नाही, प्रिंटरची कम्प्युटरला लावायची केबल टेबलाखाली सुटी लोंबकळतेय. मी सलीमभाईंना फोन लावला.

"हार्डडिस्क? माझ्यासमोरच हाय की. काहून?"

बासष्ट पानं आली आणि प्रिंटर गप्प झाला.

नंतर सगळं तपासलं. त्या प्रिंटरला वायफाय नाहीच, आणि ही फाइल त्यानं आयुष्यात कधी छापलेली नव्हती. सलीमभाई तो उघडून बघून गेले. "ऐसा होताच नहीं" एवढंच म्हणाले. आजतागायत मलाही उत्तर सापडलेलं नाही. शाळेतल्या पोरींनी विचारलं तर "माहीत नाही" म्हणते. विज्ञानात तेही उत्तर चालतं.

त्या दुपारी पानं अण्णांच्या मांडीवर ठेवली. ते पहिलं पान वाचू लागले. मग त्यांनी माझ्या वह्यांवरच्या लाल पेनाकडे बोट दाखवलं. डाव्या हातात पेन धरून पहिल्याच पानावर वेडावाकडा गोल काढला... एक चूक सापडली होती! मास्तर शेवटी मास्तरच. मी रडत रडत हसले.

तेव्हापासून रोज चार वाजता ते पेन मागतात. बासष्ट पानं तपासून झाली. काल त्यांनी डाव्या हातानं त्रेसष्टावं सुरू केलं.