पहिल्या नंबराचं खोकड

लातूरच्या एका क्लासच्या फळ्यावर धोंडप्पांनी तीस वर्षं गुणवत्ता यादी लिहिली. पहिलं नाव तांबड्या खडूनं, बाकीची पांढऱ्या. निवृत्त होऊन देवणीजवळच्या शेतावर राहायला आले, तरी शेजाऱ्याच्या नातीला नाव विचारायच्या आधी ते "कितवी आलीस?" विचारत.

शेताच्या टोकाला दोन एकर माळ होता. तिथं खोकडाची, म्हणजे लहानशा कोल्ह्यांची, एक जोडी बिळात राहायची. संध्याकाळी ती बाहेर येऊन बसली, की इकडे धोंडप्पा बांधावर बसत. बराच वेळ कुणीच उठत नसे. मुलगा महांतेश मात्र माळ नांगरायला टपलेला. "दोन खोकडांसाठी दोन एकर पडीक ठिवायचं का, अप्पा?" शेवटी ठरलं, की लातूरहून प्राण्यांची मोजणी करायला आलेल्या मालविकेचा कागद येऊ दे. खोकडं भरपूर असली तर नांगरायचं, नाहीतर माळ तसाच राहील.

दसऱ्याच्या सुमारास कागद आला. 'खोकड : जगात ५, जिल्ह्यात १.' मागच्या बाजूला बारीक अक्षरात बरंच काही होतं, पण निकाल कळल्यावर ते कोण वाचतं?

जगात पाचवं, म्हणजे बाहेर जरा मागंच. पण जिल्ह्यात पहिलं! धोंडप्पांचा ऊर भरून आला. "आपल्याकडं लई जोरात हाय रे ते. जाईल दुसऱ्या माळावर. आण ट्रॅक्टर." पेढेही वाटले त्यांनी. कशाचे, ते कुणाला कळलं नाही.

वेळ अमावस्येला, रानातल्या पिकाच्या पूजेच्या सणाला, मालविका पुन्हा आली. शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली होती. धोंडप्पांनी तिच्या हातात आंबिलीचा पेला दिला, पण ती समोरच्या हरभऱ्याकडंच बघत राहिली.

"काका, माळ कुठाय?"

"नांगरला की. तुम्हीच तर एक नंबर दिला."

"एक म्हणजे संपत आलेलं, काका. पाच म्हणजे धोका नाही."

"मंग जगात पाच कसं? खोकड तर तेच हाय!"

"दुसरीकडे पुष्कळ आहेत. या जिल्ह्यात अगदी थोडी उरलीत. म्हणून दोन आकडे."

धोंडप्पा बोटं मोजू लागले. एकापासून पाचापर्यंत, मग पाचापासून एकापर्यंत. अशी उलटी यादी कोण लावतं? एकच जनावर तिकडं पास, इकडं नापास, आणि नापासाला पहिला नंबर? चूक कागदाची की आपली, ते काही केल्या ठरेना. लाज मात्र सगळी आपलीच वाटत होती.

रिवाजाप्रमाणे महांतेश पिकावर आंबील शिंपडायला निघाला होता. धोंडप्पांनी त्याच्या हातून तांब्या घेतला आणि ते बिळाच्या जागेकडे चालू लागले. दहा पावलं गेले, थांबले, डावीकडे वळले, पुन्हा मागं आले. जिकडं बघावं तिकडं हरभऱ्याच्या सारख्या ओळी.

"महांतेश, कुठं रे होतं ते?"

महांतेशही वाकून ओळींमधून शोधू लागला.